परंपरेला कसोटीचे भय कशाला?

दाढ ठणकू लागली की लवंगेच्या तेलाचा बोळा आणि पोट बिघडले की चिमूटभर ओवा, हे उपचार मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. लवंगेच्या तेलातील युजेनॉल आणि ओव्याच्या तेलातील थायमॉल जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतात, हे प्रयोगशाळांत सिद्ध झाले आहे. त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होय; परंतु अभिमान हा पुरावा ठरत नाही.

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. अशा वेळी वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडे आशेने पाहिले जाणारच. म्हणूनच त्यांची परीक्षा काटेकोर हवी. जिवाणू पेरलेल्या अगारच्या बशीत तेलात भिजवलेली कागदी चकती ठेवायची आणि तिच्याभोवतीचे जिवाणूरहित वर्तुळ मोजायचे, ही रूढ पद्धत आहे. तथापि तेल पाण्यात मिसळत नाही, अगारमध्ये नीट पसरत नाही आणि हवेत उडूनही जाते. त्यामुळे केवळ वर्तुळाच्या आकारावरून निवाडा करणे उतावळेपणाचे ठरते. किमान किती मात्रेत जिवाणूंची वाढ थांबते, तेल विरघळवणारे द्रव्य एकट्याने काय करते, हेही तपासावे लागते. तुळशीच्या तेलाचे घटक वाण, भूमी आणि ऋतूनुसार बदलतात. त्यांचे विश्लेषण न देता केलेला दावा अपुराच. शिवाय बशीत जिवाणू मेला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे नव्हे. लवंगेचे हेच तेल बालकाने गिळल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यासाठी संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ चा एक शोधनिबंध पुढे ठेवला होता. तो विजय पुराव्याचा होता.

आजीच्या बटव्याचा खरा सन्मान त्यातील प्रत्येक जिन्नस कसोटीवर घासण्यात आहे. जे उतरेल ते जगापुढे ताठ मानेने मांडावे. जे उतरणार नाही, तेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावे.