रात्रीचे ओलित आणि दिवसाची वीज

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की नांदुरा परिसरातल्या शेतकऱ्याची झोप वीज ठरवते. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की बॅटरी घेऊन दांडावर जावे लागते, आणि उंदरांच्या मागावर निघालेली घोणसही तिथेच असते.

म्हणून शेतीला दिवसा सौर वीज देणे हा निव्वळ ऊर्जाखात्याचा विषय नाही. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची २.० आवृत्ती २०२३ मध्ये आली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला द्यायची, अशी तिची रचना. चर्चा होते ती मेगावॉटची आणि गायरानांची. दंशांची नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळपास निम्मे जून ते सप्टेंबरमधले. तेव्हा सौर वाहिनीने हा आकडा कोसळेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जमिनीवर झोपलेल्याला घरात चावणाऱ्या मण्यारीवर ती उपाय नाही. रब्बीतले रात्रीचे दंश मात्र टळू शकतात, आणि ते थोडे नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, मूत्रपिंडे निकामी होतात. प्रतिविष रक्तातले विष निष्प्रभ करते, झालेली इजा भरून काढत नाही. त्यामुळे उशिरा आलेला रुग्ण वाचला तरी डायलिसिसवर जाऊ शकतो.

फायदा मोजायचा तर नोंदी हव्यात. सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करा, असे केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना कळवले. त्या नोंदीत दंशाची वेळ आणि रुग्ण तेव्हा काय करत होता, एवढे दोन रकाने भरले, तरी वाहिनी सौर झाल्याआधीचा व नंतरचा फरक दिसेल.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. दिवसा हुकमी वीज आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिलमाफी, म्हणजे उपसा वाढणार. खारे पाणी जास्त उपसले तर क्षार जमिनीतच साठतात. यावर योजनेत उत्तर दिसत नाही.

तोवर रात्रीची पाळी चालूच आहे. गमबूट आणि बॅटरी टाळू नये. दंश झालाच तर दोरी आवळू नये, चिरा देऊ नये. हातपाय न हलवता रुग्णालय गाठावे. सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत मिळते.