काळजी काळीज खाते

आमच्या शेतकरी व बलुतेदार बांधवांत एक समजूत फार खोल रुजलेली आहे. ती अशी कीं, दुखणें म्हणजे ताप, खोकला, मोडलेलें हाड किंवा विंचवाचा डंख. बाकी जें कांहीं तें मनाचें किंवा नशिबाचें. घरचा कर्ता महिनोन्महिने झोपत नाहीं, अन्न त्याच्या अंगीं लागत नाहीं, छाती धडधडते, डोकें ठणकतें. तरी घरचीं माणसें म्हणतात, 'त्याला झालें कांहीं नाहीं, नुसती काळजी करतो.' या 'नुसती' शब्दानें आमचीं किती घरें बुडालीं! आणि जेथें घरच्यांची मति थांबते तेथें पंचांगवाला व देवऋषी उभेच असतात. एक सांगतो साडेसाती, दुसरा सांगतो करणी. सांगण्यांत फरक असला तरी दोघांच्या हिशेबांत फरक नसतो. शांतीचा खर्च काय आणि कोंबड्या-नारळाचा खर्च काय, तो कुणब्याच्याच कर्जांत चढतो. आणि ज्या कर्जानें झोप उडाली तेंच अधिक होतें.

वास्तविक काळजी ही हवेंतली वस्तु नाहीं. ती शरीरांत घडते, आणि अडाणी म्हणून हिणविल्या गेलेल्या आमच्या वाडवडिलांना हें ठाऊक होतें. त्यांचे शब्दच पाहा ना! भीतीनें घशाला कोरड पडते, पोटांत गोळा येतो, हातपाय गार पडतात, अंगावर कांटा उभा राहतो. हीं अलंकारिक बोलणीं नव्हेत. एकेक अक्षरशः खरें आहे. रात्रीं पिकाला पाणी द्यावयास गेलेल्या माणसाच्या पायाशीं साप सळसळला, कीं मेंदूकडून मज्जातंतूंच्या वाटेनें क्षणांत हुकूम सुटतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथि आहेत. त्या अ‍ॅड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत सोडतात. काळीज जोरानें चालूं लागतें, रक्तदाब चढतो, यकृत साठविलेली साखर रक्तांत ओततें. हेतु हा कीं, पळावयास किंवा काठी उगारावयास बळ यावें. कातडीकडचें व आंतड्यांकडचें रक्त स्नायूंकडे वळतें. म्हणून हातपाय गार आणि पोटांत गोळा. लाळ आटते, म्हणून घशाला कोरड. अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञानें १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत ही व्यवस्था मांडून दाखविली. ती आपली वैरीण नव्हे. तिच्याच जोरावर आपले पूर्वज वाघा-लांडग्यांतून वांचले.

पण साप निघून जातो आणि घटकाभरानें काळीज ठिकाणावर येतें. कर्जाचा हप्ता मात्र जात नाहीं. पाऊस लांबला, बाजारांत भाव पडला, मुलीचें लग्न ठरलें, सावकाराचा माणूस चार लोकांत बोलून गेला. हे साप उशाशींच राहतात. शरीराला साप आणि सावकार यांतला भेद कळत नाहीं. तें दोघांनाही एकच उत्तर देतें. बैलाच्या मानेवरचें जूं संध्याकाळीं उतरलेंच नाहीं तर खांदा सुजतो, मग चिघळतो. माणसाचेंही तसेंच आहे. चढलेल्या दाबानें रक्तवाहिन्या ताठर होतात. कॉर्टिसॉल नांवाचा दुसरा रस रक्तांत दीर्घकाळ राहिला कीं साखर वाढते, झोप मोडते, रोगाशीं लढण्याची शक्ति खचते. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, भ्रमिष्ट झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर एक लहानशी जखम करून पाहण्यांत आली. इतर स्त्रियांपेक्षां त्यांची जखम भरावयास सरासरी नऊ दिवस अधिक लागले. ही पाहणी १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. घरांतील म्हातारीं-आजारी माणसें जिच्या एकटीच्या गळ्यांत असतात, त्या सुनेला 'हिचें रोज कांहीं तरी दुखतेंच' म्हणून टोचणाऱ्यांनीं ती ध्यानांत ठेवावी.

कोणी म्हणेल, काळजी मोठ्यांनाच अधिक. साहेबाला झोप कोठून? हाही भ्रम आहे. लंडनमध्यें १९६७ पासून सुमारें अठरा हजार पुरुष सरकारी नोकरांची पाहणी झाली. सगळे पगारी, कोणी उपाशी नव्हता. तरी हृदयविकारानें मरण्याचें प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षां सर्वांत खालच्या शिपायांत तिपटीहून अधिक निघालें. सिगारेट, रक्तदाब वगैरेंचा हिशेब वजा घातला तरी पुष्कळ फरक शिल्लक उरला. १९८५ सालीं सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणींत दिसलें कीं, ज्याला आपल्या कामांत आपल्या मनानें कांहीं ठरवितां येत नाहीं, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक. म्हणजे उतरंड ही नुसती मानापमानाची गोष्ट नव्हे. ती माणसाच्या रक्तांत उतरते. पिढ्यान्पिढ्या खालच्या पायरीवर उभ्या केलेल्या आमच्या समाजानें हें अंगावर भोगलेंच होतें. आतां आंकड्यांचा पुरावाही आहे.

'कुणब्याला अक्कल नाहीं, म्हणून तो कर्जांत बुडतो,' हेंही आम्हांस फार दिवस ऐकविण्यांत आलें. २०१३ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत तामीळनाडूंतील ४६४ ऊंस-शेतकऱ्यांची पाहणी छापून आली. त्याच शेतकऱ्यांना एकदां ऊंस तुटण्यापूर्वींच्या चणचणीच्या दिवसांत आणि एकदां पैसे हातीं आल्यावर कोडीं घातलीं. तींच माणसें, तेंच डोकें. पण चणचणींत उत्तरें कमी बरोबर आलीं, पैसे आल्यावर अधिक. तेव्हां अक्कल कमी म्हणून दारिद्र्य, हा न्याय उलटा आहे. दारिद्र्याची विवंचनाच अक्कल अडवून ठेवते. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हां दैन्याचीं कारणें शेतकऱ्याच्या कपाळावर न शोधतां कर्ज, कोर्टकचेऱ्या, करभार व धर्माच्या नांवावरची लूट यांत शोधलीं. आजचें शास्त्र त्याच वाटेनें चाललें आहे.

मग करावें काय? 'काळजी करूं नको' हा उपदेश फुकट आहे. कोणी हौसेनें काळजी करीत नाहीं. पहिली गोष्ट, तीस वर्षांवरील प्रत्येकानें उपकेंद्रांत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. तेथें पैसे पडत नाहींत. रक्तदाब बहुधा दुखत नाहीं, म्हणून तपासल्यावांचून कळत नाहीं. आणि बरें वाटलें म्हणून गोळी आपल्या मनानें सोडूं नये. सगळेंच काळजीनें होतें असेंही नाहीं. तंबाखू, मीठ, वय व आनुवंश यांचाही वांटा असतो. दुसरी गोष्ट, कर्ज कारभारणीपासून लपवूं नये. चोरून वाहिलेलें ओझें दुप्पट होतें. दारूनें झोप लागते असें वाटतें, पण ती झोप मोडतेच. जगणें नकोसें वाटूं लागलें तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलावें. २०२२ पासून ही सोय आहे, रात्रंदिवस व मोफत. त्यांत लाज कसली? तिसरी गोष्ट, भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. देवऋष्याला हें निर्भयपणें सांगावें.

पण सर्वांत मोठें औषध एकट्यानें घेतां येत नाहीं. २०१४ च्या कायद्यानें सावकाराला परवाना लागतो, आणि बेकायदा सावकारींत बळकावलेली जमीन परत मागतां येते. तो अर्ज घेऊन एकट्या कुणब्यास सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे धाडूं नका; चार जण बरोबर जा. लग्नांतील डामडौल सगळ्या गांवानें मिळून कमी करा, म्हणजे कोणा एकाचें नाक कापलें जाणार नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलाचे खांदे प्रेमानें मळतों. शेजारचा भाऊ आठ-आठ दिवस झोपला नाहीं, जेवला नाहीं, तर त्याच्या खांद्यावरही हात ठेवा आणि जुवाखालून त्याला मोकळा करावयास पुढें व्हा.

— एक खेड्यांतील शिक्षक