नवऱ्याला एचआयव्ही, बायकोला पत्ताच नाही. कायदा काय सांगतो?

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की औषधाआधी प्रश्न पडतो, घरी कसं सांगू? संसार मोडेल, गावात बोभाटा होईल, या भीतीनं कित्येक पुरुष गप्प बसतात. त्याची किंमत बायको मोजते. काहींना तर गरोदरपणातल्या तपासणीतच कळतं.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमचा रिपोर्ट दवाखाना तुमच्या संमतीशिवाय गावभर सांगू शकत नाही. जोडीदाराबाबत मात्र अपवाद आहे. आधी समुपदेशक तुम्हालाच सांगायला समजावतो. तरी तुम्ही सांगणार नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला लागणीचा मोठा धोका असेल, तर तुम्हाला कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात.

दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून काळजी घेणं हे बाधिताचं कायदेशीर कर्तव्यच आहे. निरोध वापरणं, संबंधाआधी सांगणं हे त्यातच येतं. मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असलेल्या बाईला यातून सूट आहे. पुरुषाला ‘लाज वाटते’ हे कारण चालणार नाही.

सांगण्यात फायदाही आहे. एआरटी गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या रोज घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून लागण होत नाही. पण लपवून घेतलेल्या गोळ्या चुकतात.

एकट्यानं सांगायचा धीर होत नसेल तर आयसीटीसी केंद्रात समुपदेशकासमोर दोघं बसा. १०९७ वर फोन मोफत आहे.