जाळ यंत्राचा, राख मालकाची

विकणारा आणि विकत घेणारा यांचं सहसा एकमत होत नाही. पेलेट स्टोव्हच्या बाबतीत मात्र दोघंही एकच वाक्य म्हणतात: ‘याला काही करावं लागत नाही.’ पोतं ओता, बटण दाबा, तापमान ठरवा आणि झोपा. मेन, व्हर्मांट, न्यू हॅम्पशर या अमेरिकेतल्या बर्फाळ राज्यांत स्थिरावलेल्या मराठी घरांतही हे वाक्य आता ऐकू येतं. ‘आमच्याकडे लाकूडफाटा नाही हो, पेलेट आहेत,’ असं सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण चुलीच्या दोन पिढ्या पुढे आलो, असं समाधान असतं. माझं भांडण या वाक्याशी आहे, स्टोव्हशी नाही. स्टोव्हच्या बाजूने मला बरंच बोलायचं आहे.

पूर्वपक्षातलं खरं ते आधी मान्य करू. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, बोइंगमध्ये काम केलेल्या जेरी व्हिटफील्ड या अभियंत्याने अमेरिकेच्या वायव्य भागात घरगुती पेलेट स्टोव्ह घडवला, तेव्हा लाकडाच्या शेगडीचे जुने त्रास एकेक करून काढून टाकले गेले. लाकूडकामातला भुसा वाळवून, प्रचंड दाबाखाली साच्यातून काढून त्याच्या साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या करतात; याच पेलेट. वेगळा गोंद लागत नाही; लाकडातलंच लिग्निन उष्णतेने मऊ होतं आणि भुशाला बांधून ठेवतं. चांगल्या वाळलेल्या सरपणातही वीस टक्क्यांच्या आसपास ओल असते, कांड्यांत दहाच्या आत. वरच्या हॉपरमधून, म्हणजे जळणाच्या पेटीतून, ऑगर, म्हणजे मळसूत्री दांडा, त्या मोजून खाली टाकतो. एक पंखा जाळाला हवा पुरवत धूर बाहेर ओढतो, दुसरा खोलीत गरम हवा सोडतो. धूरही खरोखरच कमी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मे २०२० पासून नव्या स्टोव्हवर तासाला दोन ग्रॅम सूक्ष्म कणांची मर्यादा घातली, आणि बरेच पेलेट स्टोव्ह त्याच्याही खाली राहतात. जुन्या लाकडी शेगड्या याच्या कितीतरी पट धूर ओकत.

एवढं सगळं खरं असूनही ‘काही करावं लागत नाही’ हे खोटंच. यंत्राने सरपण फोडणं, पेटवणं, फुंकणं आणि पुढे सारणं आपल्याकडून काढून घेतलं. राख काढणं आणि हवेची वाट मोकळी ठेवणं त्याने आपल्याकडेच ठेवलं. या स्टोव्हची सुरक्षितता उभी आहे ती याच दोन कामांवर.

‘राख एक टक्कासुद्धा नाही,’ असं पोत्यावर लिहिलेलं असतं. तो टक्का जरा मोजून पाहू. अमेरिकेत चाळीस पौंडांची पन्नास पोती म्हणजे एक टन, सुमारे ९०७ किलो. त्याचा एक टक्का नऊ किलो. हिवाळाभर तीन टन जाळणाऱ्या घरात सत्तावीस किलोपर्यंत राख तयार होते. ही सगळी राख खालच्या ट्रेमध्ये शहाण्यासारखी पडत असती, तर मी हा लेख लिहिलाच नसता. तिचा जड भाग खाली पडतो. पिठासारखा हलका भाग उडतो. तो उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर बसतो, भट्टीच्या मागच्या पोकळ्यांत साठतो, धूर ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर चढतो आणि तीन-चार इंचांच्या त्या अरुंद धुराड्यात वळणावळणाला अडतो. कांड्यांत माती किंवा वाळू आली असेल तर राख वितळून बर्न पॉटच्या, म्हणजे कांड्या जळतात त्या भांड्याच्या, तळाशी दगडासारखा खडा धरते, आणि हवा येण्याची भोकं बुजतात.

भोकं बुजली की जाळाचा रंग बदलतो. निरोगी ज्योत आखूड, पिवळसर-पांढरी आणि उसळती असते. हवा कमी पडली की ती लांब, नारिंगी आणि सुस्त होते, टोकाला काजळी धरते आणि काच तासाभरात काळी पडते. ही आळशी ज्योत पुष्कळांना ‘शेकोटीसारखी छान’ वाटते. तो क्षण फोटो काढायचा नसून स्टोव्ह बंद करायचा असतो. बंद करायचा तोही बटणाने. प्लग उपटला तर पंखे थांबतात आणि आत उरलेल्या जाळाच्या धुराला बाहेर काढणारं कोणी राहत नाही.

इथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो: ‘काही बिघडलंच तर तो आपोआप बंद पडतो, सेन्सर आहेत.’ आहेत ना! व्हॅक्यूम स्विच नावाचा एक छोटा डबा असतो. बारीक रबरी नळीतून तो भट्टीतली ओढ जाणतो. दार उघडं राहिलं, दाराची फट बंद करणारी दोरी झिजली किंवा धुराडं तुंबलं, तर ओढ कमी होते आणि स्विच ऑगरला थांबवतो. स्टोव्ह जास्त तापला तर दुसरा स्विच तेच करतो. पण हे स्विच नवं जळण पडणं थांबवतात. भांड्यात आधीच पडलेल्या कांड्या धुमसतच राहतात.

आणि आपले लोक काय करतात? स्टोव्ह पुन्हा पुन्हा बंद पडायला लागला की कोणीतरी हुशार मित्र सांगतो, ‘स्विच डायरेक्ट कर.’ दोन वायरी एकमेकींना जोडल्या की स्टोव्ह खरोखर सुरू होतो, मित्राचं नाव होतं. पण स्विच बहुतेक वेळा खरंच बोलत असतो: नळीत राख अडकलेली असते किंवा धुराडं भरलेलं असतं. त्याचं तोंड बंद केल्यावर ओढ नसतानाही ऑगर कांड्या टाकत राहतो, धूर खोलीत येतो आणि आग मागे सरकत हॉपरकडे जाण्याची वाट मोकळी होते. या एका बाबतीत मी मध्यम मार्ग मानत नाही. स्विच डायरेक्ट केलेला स्टोव्ह पेटवूच नये, एका रात्रीपुरताही नाही.

तिसरं म्हणणं जास्त निरागस आहे आणि म्हणून जास्त घातक: ‘धूर दिसत नाही, मग विषारी वायू कुठून येणार?’ कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात; तोच वायू सांध्यातून गळणाऱ्या धुराड्यातूनही येतो. ‘अलार्म लावलाय’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. अमेरिकेतल्या प्रमाणित अलार्मची रचना पाहा. हवेत दहा लाखांत सत्तर भाग वायू असेल तर त्याने एक ते चार तासांत वाजायचं. दीडशे असेल तर दहा ते पन्नास मिनिटांत. चारशे असेल तर चार ते पंधरा मिनिटांत. तीस भागांवर तो दिवसचे दिवस गप्प राहिला तरी त्याचा दोष नाही. हा हिशेब धडधाकट प्रौढ माणूस धरून केलेला आहे. हिवाळ्यात नातवंडांकडे राहायला आलेले, हृदयाची गोळी घेणारे आजी-आजोबा त्यात बसत नाहीत, आणि दिवसभर स्टोव्हजवळ खुर्ची टाकून बसणारे नेमके तेच असतात. त्यांचं डोकं रोज संध्याकाळी दुखत असेल तर थंडीला दोष देण्याआधी धुराड्याचे सांधे तपासावेत. अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर हवाच. त्यालाही पाच ते दहा वर्षांचं आयुष्य असतं, मागची तारीख वाचावी.

एक गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल: न पेटवलेल्या कांड्याही हा वायू सोडतात. लाकडातली स्निग्ध आम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात, त्यातून तो तयार होतो. स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्ग बंदरात २००६ साली कांड्यांनी भरलेल्या जहाजावर यातून मृत्यू झाला. २०१० साली जर्मनीत आणि २०११ साली स्वित्झर्लंडमध्ये बंदिस्त पेलेट-कोठारांत माणसं गेली. गॅरेजमध्ये रचलेल्या पन्नास पोत्यांना मात्र यासाठी घाबरण्याचं कारण नाही. तो धोका टनांनी माल साठवलेल्या, बंद कोठीचा आहे. पोत्यांना जपायचं ते ओलीपासून. पाणी लागलं की कांडी फुगून पुन्हा भुसा होते, आणि तो भुसा ऑगरमध्ये घट्ट बसतो.

(‘आपल्याकडेही असतं की, पांढरा कोळसा,’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवावी, पण ते या स्टोव्हमध्ये घालू नये. भुईमुगाच्या टरफलांचे, उसाच्या चिपाडाचे ते ठोकळे कारखान्याच्या बॉयलरसाठी असतात, आणि शेतमालाच्या जळणाची राख या लहान भांड्याला झेपत नाही.)

‘वीज गेली तरी लाकडावर चालणारी वस्तू आहे, आपण निर्धास्त!’ हे म्हणणाऱ्याने डिसेंबर २००८ आठवावा. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे याच बर्फाळ राज्यांच्या भागात, बर्फाच्या वादळाने तारा तोडल्या, लाखो घरं अंधारात गेली, काही ठिकाणी वीज यायला आठवड्याहून जास्त वेळ लागला. साध्या लाकडी शेगड्या तापत राहिल्या, पेलेट स्टोव्ह गार पडले. पेटवताना साडेतीनशे वॅटच्या आसपास आणि चालताना शंभरेक वॅट वीज त्याला लागते. शिवाय भर जाळात वीज गेली तर धूर ओढणारा पंखा थांबतो. धुराडं भिंतीतून थेट आडवं काढलेलं असेल तर धूर सांध्यांतून, हॉपरमधून घरात परततो. धुराड्याला काही फूट उभी चढण दिली, तर धूर स्वतःच्या उष्णतेनेच वर जातो. त्याच्या जोडीला पंखा पंधरा-वीस मिनिटं चालवू शकणारी बॅटरी ठेवली की जाळ सावकाश विझतो. बसवणारा ही चढण ‘कशाला उगाच खर्च’ म्हणून टाळत असेल, तर तो खर्च आपण आग्रहाने करावा.

अपघात बऱ्याचदा घाईत होतात. कांड्या पेटवणारा इग्नायटर गेला, कांड्या पेटल्या नाहीत, भांडं ओसंडून भरलं, भट्टीत पांढरा दाट धूर कोंडला. आणि मालक पुन्हा बटण दाबतो, किंवा दार उघडून काडी टाकतो. तो धूर म्हणजे जळाऊ वायूच. ठिणगी मिळाली की तो एकदम पेटतो, काच फोडून बाहेर येतो. अशा वेळी दार न उघडता, पंखा चालू असेल तर चालू ठेवून वाट पाहायची. सगळं थंड झाल्यावर भांडं रिकामं करायचं. मग कारण शोधायचं. रॉकेल, पेट्रोल, बार्बेक्यूचं द्रव यांना स्टोव्हजवळही येऊ देऊ नये. राख काढतानाही घाई नको. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो. कागदी पिशवी, प्लास्टिकची बादली, लाकडी डेक, यांवर ती ठेवून घरं जळाली आहेत. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्यावा आणि तो घरापासून दूर, मोकळ्या जमिनीवर ठेवावा. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच: एक निखारा आणि भरपूर हवा, पुढचं सांगायला नको. राखेसाठी वेगळा, पत्र्याच्या पोटाचा व्हॅक्यूम मिळतो. तोही स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावरच लावायचा.

एवढं वाचून दुसरा पक्ष खूश झाला असेल. तो म्हणतो, ‘मग ही कटकट हवीच कशाला? घरात आग पाळायचे दिवस गेले. हीट पंप लावा.’ याचं अर्धं म्हणणं मला पटतं. घरात दम्याचा रुग्ण असेल, वस्ती दाट असेल, किंवा आठवड्यातून अर्धा तास गुडघ्यावर बसून राख काढणं कोणालाच जमणार नसेल, तर पेलेट स्टोव्ह घेऊ नये. पण ‘दिवस गेले’ हे शहरात बसून काढलेलं अनुमान आहे. मेनमधली पुष्कळ घरं आजही तेलावर तापतात. दोन किलो कांड्या साधारण एका लिटर तेलाइतकी उष्णता देतात, आणि त्या तासाभराच्या अंतरावरच्या लाकूड गिरणीच्या भुशातून आलेल्या असतात. इटलीत लाखो घरं यावर तापतात. बेताच्या थंडीत हीट पंप आणि हाडं गोठवणाऱ्या आठवड्यांत पेलेट स्टोव्ह, अशी जोडी कितीतरी घरांत सुखाने नांदते आहे.

स्टोव्हच्या बाजूने माझा मुख्य मुद्दा मात्र खर्चाचा नाही. हे यंत्र बिघडण्याआधी बहुतेक वेळा सांगतं. ज्योत सुस्तावते, काच लवकर काळवंडते, पंखा घरघरतो, पेटायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पाहणाऱ्याला हे सगळं समोर दिसतं. एक-दोन दिवसांनी बर्न पॉट खरवडणं, आठवड्याला नळ्या आणि राखेचे कप्पे साफ करणं, महिन्यातून एकदा दारात डॉलरची नोट धरून दार लावून पाहणं, नोट सहज निसटली तर दोरी बदलणं, टनभर जळल्यावर पंखा आणि धुराडं पाहणं: बंब घासणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात कठीण काय आहे? काहीजण थंड स्टोव्हच्या धुराड्याला बाहेरून लीफ ब्लोअर ओढीवर लावतात आणि आत भिंती ठोकतात. राखेचा ढग उडतो, शेजारी पाहत राहतात. युक्ती चांगली आहे. पण वर्षातून एकदा जाणकाराकडून होणारी तपासणी तिने टळत नाही. अमेरिकेतलं धुराड्यांचं अग्निसुरक्षा मानकही वार्षिक तपासणीच सांगतं.

म्हणून स्टोव्ह घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला तापमान आणि रिमोट यांबद्दल विचारू नका, ते तो सांगेलच. क्लीन-आउट टी, म्हणजे धुराड्यातली राख काढायचा सांधा, कुठे बसवणार, धूर ओढणारा पंखा बाहेर काढायला किती स्क्रू उघडावे लागतात, जळणासाठी हवा बाहेरून घेणार की खोलीतली, धुराड्याला उभी चढण किती, आणि भट्टीमागची राखेची दारं उघडतात कशी, हे विचारा. आणि शोरूममधल्या स्टोव्हवर ती दारं त्याच्याकडून उघडून घ्या. ती त्याला सापडली नाहीत, तर दुसऱ्या दुकानात जा.