विश्लेषण : नूतनीकरण थांबले म्हणून ‘सर्वांत जुने’ ठरलेले जपानी मंदिर

जपानमधील इसेचे शिंतो मंदिर दर २० वर्षांनी नव्याने उभारतात. २०३३च्या ६३व्या उभारणीची तयारी २०२५मध्ये सुरू झाली. नागानो प्रांतातील ओमाची इथल्या निशिना शिन्मेइ-गू या ग्रामीण मंदिरातही हीच प्रथा होती. १३७६पासूनच्या बांधकामाच्या लाकडी नोंदपाट्या तिथे आजही आहेत. १६३६नंतर मात्र फक्त डागडुजी झाली. गंमत अशी, की त्यामुळेच ‘शिन्मेइ’ शैलीची सर्वांत जुनी वास्तू इसेत नव्हे, इथे आहे. ती ‘राष्ट्रीय ठेवा’ आहे. आडवे ओंडके मिरवणारे तिचे छप्पर हिनोकी झाडाच्या सालीचे असल्याने ठरावीक काळाने बदलावेच लागते. प्रश्न त्या कारागिरांचा आहे. इसेत प्रत्येक उभारणीत नवी पिढी तयार होते. ओसरत्या लोकसंख्येच्या खेड्यांतील साध्या मंदिरांना ना असा सोहळा, ना राष्ट्रीय दर्जा.