विजयांच्या बेरजेत हरवलेले मानकरी

अमेरिकी बेसबॉलमध्ये सर्वोत्तम पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, 'साय यंग' पुरस्कार दिला जातो. ५११ विजयांचा आजही अबाधित असलेला विक्रम नावावर असणाऱ्या साय यंग यांचे १९५५ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी हा पुरस्कार सुरू झाला. १९६७ पासून अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगसाठी स्वतंत्र मानकरी निवडले जातात. रॉजर क्लेमेन्स यांनी हा मान सात वेळा मिळवला. मात्र याच यादीत पीट वुकोविच, स्टीव्ह स्टोन, स्टीव्ह बेड्रोसियन अशीही नावे आहेत, जी या खेळाच्या चाहत्यांनाही चटकन आठवत नाहीत. त्यांच्या विस्मरणाचे कारण त्यांच्या कामगिरीपेक्षा ती मोजणाऱ्या मापात अधिक दडलेले आहे.

संघाचे श्रेय एकाच्या नावावर

हे माप म्हणजे पिचरच्या नावावर लागणारे 'विजय'. सुरुवातीच्या पिचरने किमान पाच डाव टाकले, तो बाहेर पडताना संघ आघाडीवर असला आणि ती आघाडी टिकली, की विजय त्याच्या खात्यात जमा होतो. प्रत्यक्षात त्यासाठी धावा काढतात ते फलंदाज. साहजिकच भरपूर धावा करणाऱ्या संघाचा साधारण पिचरही विजयांची रास उभी करू शकतो, तर दुबळ्या संघातील श्रेष्ठ पिचर पराभवाचा धनी ठरतो.

१९८२ मध्ये वुकोविच यांनी १८ सामने जिंकले आणि सहा गमावले. मिल्वॉकी ब्रुअर्सची फलंदाजी त्या वर्षी जबरदस्त होती. स्वतः वुकोविच यांनी १०५ फलंदाज 'स्ट्राइकआऊट' केले, तर १०२ जणांना फुकट पहिल्या बेसवर सोडले. श्रेष्ठ पिचरला न शोभणारे हे प्रमाण. टोरांटोचे डेव्ह स्टीब यांनी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक डाव टाकून कमी सरासरीने धावा दिल्या. पण त्यांच्या नावावर १४ पराभव होते. मतदानात ते चौथे आले.

१९९० मध्ये हेच घडले. बॉब वेल्च यांनी २७ विजय मिळवले. तेव्हापासून एकाही पिचरला २५ विजयांचा टप्पा गाठता आलेला नाही. पण त्यांच्यामागे १०३ सामने जिंकणारा ओकलँडचा बलाढ्य संघ होता. नऊ डावांमागे दिलेल्या धावांची वेल्च यांची सरासरी २.९५ होती, तर २१ विजय मिळवणाऱ्या क्लेमेन्स यांची अवघी १.९३.

सर्वांत बोलके उदाहरण १९८७ चे आहे. ह्यूस्टनचे नोलन रायन नॅशनल लीगमध्ये धावांची सरासरी (२.७६) आणि स्ट्राइकआऊट (२७०) या दोन्ही बाबतींत अव्वल होते. संघाने धावाच न केल्याने त्यांच्या नावावर आठ विजय आणि १६ पराभव लागले. पुरस्कार गेला अखेरच्या डावात आघाडी राखण्याचे काम करणारे बेड्रोसियन यांच्याकडे. त्यांना ५७ गुण मिळाले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाला ५५ आणि ५४. रायन पाचवे आले. कारकिर्दीत ५,७१४ स्ट्राइकआऊट करणाऱ्या या पिचरला साय यंग पुरस्कार कधीच मिळाला नाही.

किंमत मोजलेले विजेते

तरीही या विजेत्यांना केवळ नशीबवान म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८० पूर्वी स्टोन यांच्या नावावर ७८ विजय आणि ७९ पराभव होते. त्या वर्षी बाल्टिमोरकडून हवेत वळणाऱ्या 'कर्व्हबॉल'चा सढळ मारा करून त्यांनी २५ सामने जिंकले. पुढच्याच मोसमात कोपर दुखावले, चार विजयांवर हंगाम संपला आणि कारकीर्दही. वुकोविच यांच्या खांद्यानेही दगा दिला. १९८३ मध्ये ते जेमतेम तीन सामने खेळले, तर १९८४ मध्ये एकही नाही. ज्या विजयांनी त्यांना पुरस्कार दिला, त्यांच्याच पाठलागात हात खर्ची पडले.

माप बदलले, पण...

पुरस्कारासाठी मतदान करणाऱ्या बेसबॉल लेखकांच्या संघटनेची दृष्टी पुढे बदलली. २०१० मध्ये सिएटलचे फेलिक्स हर्नांडेझ १३ विजय आणि १२ पराभव असूनही मानकरी ठरले; २१ विजय मिळवणारे सी. सी. सबाथिया मागे राहिले. २०१८ मध्ये जेकब डिग्रॉम यांना तर दहाच विजयांवर हा मान मिळाला. त्यांची सरासरी होती १.७०. रायन यांना नाकारला गेलेला न्याय तीन दशकांनी इतरांच्या वाट्याला आला.

मात्र नवे मापही निर्दोष नाही. २०२१ मध्ये नॅशनल लीगचा पुरस्कार कॉर्बिन बर्न्स यांनी १६७ डावांच्या बळावर जिंकला. २१३ डावांचा भार वाहणारे झॅक व्हीलर दहा गुणांनी हरले. पहिल्या पसंतीची मते दोघांनाही प्रत्येकी बारा होती. पूर्वी विजयांची संख्या डोळे दिपवत असे, आता प्रत्येक डावातील प्रभाव भुरळ घालतो आणि दीर्घकाळ भार पेलण्याचे मोल कमी होते. वुकोविच आणि वेल्च यांच्या निवडीकडे आज ज्या नजरेने पाहिले जाते, त्याच नजरेने उद्या आजच्या निवडीही तपासल्या जातील.