खासगी आणि सरकारी

मध्यंतरी इंदूरला जाणे झाले. मुक्काम जुनी इंदूरमध्ये, बडा रावळ्यापासून जवळच. गोव्यातून आलो म्हटल्यावर यजमान आजोबा खुलले आणि गप्पा फिरत फिरत पुढाऱ्यांच्या जमिनींवर आल्या. आजोबा म्हणाले, "तुम्ही लोक खासगी म्हणजे प्रायव्हेट समजता. आमच्याकडे खासगी हे खाते होते!"

खरेच होते. 1734 साली बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना वेगळी जहागीर दिली. ती खासगी, राज्याचे उत्पन्न ते दौलत. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि त्यातून देशभर घाट, देवळे, धर्मशाळा झाल्या. दोन्ही पैसे शेवटी रयतेच्याच सारावसुलीतून यायचे, हे विसरू नये. पण कुठला पैसा कुठल्या वहीत, हे ठरलेले होते.

आज आपल्याकडे ही वही आहे का? 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे उमेदवार मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देतो. चांगलेच झाले. पण ते निवडणुकीपुरते. निवडून आल्यावर पाच वर्षांत त्याने कुठे जमीन घेतली आणि त्याच भागाच्या रस्त्यावर, झोनवर सही कोणी केली, हे त्यात कसे दिसणार? राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही तरी आहे. शेअर्स नोंदवायचे ते मात्र कंपनी ताब्यात ठेवण्याइतके असले तरच. बाकीचे मोकळे!

आम्हा गोवेकरांना हे कोणी शिकवायला नको. प्रादेशिक आराखडा 2011 आठवतो ना? 2006 साली अधिसूचित झाला. शेती-डोंगर रंग बदलून वस्तीचे झाले म्हणून लोक रस्त्यावर आले, आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. नकाशावरचा एक रंग बदलला की जमिनीचा भाव कित्येक पट होतो. मग रंग बदलणाऱ्याची जमीन कुठे आहे, हे विचारणे म्हणजे खासगी आयुष्यात डोकावणे कसे?

माझे म्हणणे एवढेच. पुढाऱ्याने गुंतवणूक जरूर करावी, तोही संसारी माणूस. पण ज्या निर्णयात त्याचा पैसा अडकला आहे, तिथे त्याने आधी सांगावे आणि बाजूला व्हावे. बायकामुलांच्या नावावरचेही सांगावे.

गंमत पाहा. त्या खासगीचा 1962 साली ट्रस्ट झाला, मालमत्तांच्या विक्रीवरून वाद पेटला, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा सार्वजनिक न्यास आहे, त्याची नोंदणी झालीच पाहिजे. राणीच्या खासगीलाही शेवटी हिशेब द्यावा लागतो. मग आमच्या आमदारांना का नको?